कुरळ्या केसांची उस्तवार

आम्ही पांढरकवड्याच्या बचत गटांमधून बोलतो आहोत. गटाच्या बाया बोलायला आल्या म्हटलं की तुम्हाला वाटेल, आज हप्ता, व्याज नाहीतर शेळीपालन. आजचा विषय वेगळा आहे. आज आम्ही केसांवर बोलणार आहोत, आणि तेही कुरळ्या केसांवर. हसू नका. हा विषय आमच्याकडे कर्जाच्या अर्जातून आला.

झालं असं. दिवाळीनंतरची बैठक होती. कापसाची वेचणी चालू, म्हणून सगळ्या रात्री जेवणं आटोपून जमल्या. बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि एका काकूंनी पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचे केस सरळ करून आणाचे हायेत. पंधरा दिवसानं तिले पाहाले पाहुणे येऊन रायले."

एक जण पटकन बोलून गेली, "केसासाठी कर्ज?" त्यावर काकूंच्या शेजारची म्हणाली, "पहिल्या पाहुण्यायनं पोरगी झिपरी दिसते म्हणून नकार कळवला होता. आता बोला." मग कुणीच काही बोललं नाही.

आम्हाला नाही म्हणता येईना. बचत त्यांची, हक्क त्यांचा. गरज खरी की खोटी हे आम्ही कोण ठरवणार? आणि हो म्हणतानाही जीव होत नव्हता. शिवाय आम्ही तरी काय वेगळं केलं होतं? आमच्यातल्याच एकीने सहावीतल्या मुलीचे केस फणीत अडकतात म्हणून वैतागून कात्रीने मानेपर्यंत कापले होते. ती पोर आठ दिवस डोक्यावर ओढणी घेऊन शाळेत गेली. कुरळे केस म्हणजे पोरीचा काहीतरी दोष, असं आपणच घरात बोलत असतो. झिपऱ्या म्हणतो, झिंज्या म्हणतो, पिंजारलेलं डोकं म्हणतो. पाहुणे तर नंतर येतात.

त्या बैठकीत एक आजी होत्या. त्यांनी त्या पोरीला जवळ बसवलं, बट हातात धरली आणि विचारलं, "कोरडेच विंचरतं काय वो माय?" पोरगी म्हणाली, हो, रोज सकाळी. आजी म्हणाल्या, "केस वाईट नाहीत. राग फणीचा हाय."

शेवटी ठरलं असं. कर्ज मंजूर, पण उचल पंधरा दिवसांनी. तोवर आपण काही करून बघू. आमच्यातल्या एकीने पार्लरचा कोर्स केलेला आहे, तिला सोबत घेतलं. त्या पंधरा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी केस कुरळे का होतात ते बघू. केस ज्या मुळातून उगवतो, त्या मुळाचा आकार आईबापाकडून येतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर साधारण गोल दिसतो. कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो, आणि तो वळत वळतच वाढतो. त्यामुळे डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, पण कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं, अशी कुरळ्या केसांची तऱ्हा असते. कोरडा केस शेजारच्या केसात अडकतो. त्याचाच गुंता होतो, आणि वरून ते पिंजारलेलं दिसतं.

आता दुसरी गोष्ट, जी समजली की अर्धं काम झालं. आपण उन्हाळ्यात कुरडया करतो. चीक ओला असताना सोऱ्यातून जशी वेटोळी पाडावी तशीच ती वाळते. वाळल्यावर वळवायला गेलं तर तुटते. केसाचंही तसंच आहे. केस भिजला की त्याच्या आतले काही नाजूक बंध सुटतात, आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात वाळेल त्या आकारात तो पुढच्या धुण्यापर्यंत राहतो. म्हणून कुरळ्या केसांचं जे काही करायचं ते ओले असताना. वाळल्यावर फणी लावली की सगळी कुरडई मोडली.

तर आता क्रमाने सांगतो. घाई करू नका, लिहून घ्यायचं तर घ्या.

पहिलं तेल. धुण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी खोबरेल तेल लावा, मुळांपेक्षा टोकांना जास्त. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. त्यात खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी झिजतात असं दिसलं. ते संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवतो. पण आपल्या आज्यांचा अनुभवही तोच आहे.

दुसरं धुणं. कपड्याची वडी केसांना लावू नका, ती फार कोरडं करते. नुसता रिठाही कोरडं करतो, तो शिकेकाईत थोडाच घाला. शाम्पू वापरत असाल तर तो डोक्याच्या कातडीला लावा, टोकांना वाहत्या फेसाचा स्पर्श पुरे. कुरळे केस रोज धुवायची गरज नसते. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा ही सोयीचीच गोष्ट आहे. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, म्हणजे डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यांच्या केसांवर त्या पाण्यातला क्षार बसतो आणि केस राठ होतात. अशांनी शेवटच्या तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस घालून ते केसांवरून ओतावं, डोळे मिटून, आणि वर साधं पाणी घ्यावं. पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणी धरून ठेवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

तिसरं गुंता सोडवणं. हे ओल्या केसांतच, आणि केसांत काहीतरी निसरडं असताना. शाम्पूच्या पुडीसारखी कंडिशनरचीही छोटी पुडी किराणा दुकानात मिळते. ती नसेल तर कोरफडीचा ताजा गर. पान कापल्यावर पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने खाज सुटते. मग आतला पांढरा गर घोटून लावा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीने. सुरुवात टोकापासून करायची, मग चार बोटं वर, मग आणखी वर. आपण मुळापासून खाली ओढतो आणि सगळे गुंते एका जागी नेऊन ठेवतो. मग पोर रडते आणि आपण तिच्या पाठीत धपाटा घालतो.

इथे उवांचंही सांगतो. उवांसाठी बारीक दातांची फणी लागतेच. पण ती कुरळ्या केसांत कोरडी घालू नका. आधी कंडिशनर लावून गुंता सोडवा, मग ओल्या केसांतूनच बारीक फणी फिरवा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन आठवडे तरी असं करा.

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, जवसाचा चीक. दुकानातल्या जेलच्या बाटलीवर पाच-पन्नास नावं लिहिलेली असतात. त्या बाटलीचं काम आपलं जवस करतं. विदर्भाला जवस नवीन नाही. रब्बीत निळ्या फुलांचं वावर कुणी पाहिलं नाही? नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं. आपल्या घरी तर जवसाची चटणी आहेच. या दाण्याच्या सालीत चिकट पदार्थ असतो. तो गरम पाण्यात सुटतो, आणि केसांवर वाळला की त्याचा पातळ पापुद्रा बनून बटेला धरून ठेवतो.

कृती सोपी आहे. दोन पेले पाणी, पाव पेला जवस. जवस निवडून घ्या, भाजू नका, कुटू नका. मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर बुडाला लागतं. आठ-दहा मिनिटांत पाणी दाट होतं. चमचा वर उचलला की भेंडीच्या चिकासारखी तार पडली पाहिजे. तार पडली की लगेच उतरवा. आम्ही पहिल्यांदा जास्त आटवलं आणि ते गाळणीतून खाली उतरेना. गरम असतानाच जुन्या ओढणीच्या पातळ फडक्यातून गाळायचं, थंड झालं की गाळत नाही. हात मात्र सांभाळा, पिळायला चिमटा किंवा पळी घ्या. फ्रीज असेल तर आठवडाभर टिकतं. फ्रीज नसेल तर त्या दिवसापुरतंच करा. आंबट वास आला की फेकून द्या. पहिल्यांदा लावण्याआधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ आलं तर तुमच्यासाठी ते नाही.

पाचवं, बटा पाडणं. केस अजून निथळत असताना, पुसायच्या आधी, जवसाचा चीक घ्या. केसांचे चार भाग करा. दोन तळव्यांच्या मधे केस धरून, पोळीला तूप लावतो तसा हात वरून खाली फिरवा. मग मान वाकवून केस खाली सोडा आणि टोकं ओंजळीत घेऊन मुळाकडे दाबा, सोडा, दाबा, सोडा. चुरगळायचं नाही, ओंजळीत झेलायचं. बघता बघता केस आपल्या वळणाने गोळा होतात. ज्या बटा पडत नाहीत, विशेषतः कपाळाजवळच्या, त्या एकेक बोटाभोवती गुंडाळून अलगद सोडा.

ज्यांचे केस नुसतेच लहरी आहेत, पुरते कुरळे नाहीत, त्यांनी रात्री ओलसर केसांना चीक लावून दोन पेडांचा सैल पीळ घालावा, देवाची लांब वात वळतो तसा. सकाळी पूर्ण वाळल्यावर उलगडावा. पीळ घट्ट नको. कपाळाच्या कडेचे केस रोज ताणले गेले तर ते मागे हटतात आणि पुढे उगवायचेही थांबतात. शाळेच्या मुलींच्या रिबिनीच्या घट्ट वेण्यांनाही हेच लागू.

सहावं, वाळवणं. पंचाने खसाखसा पुसू नका. आपण कापूस पिकवणाऱ्या बाया. घरात जुनं मऊ धोतर असतं, सुती लुगड्याचं फडकं असतं. ते डोक्याला गुंडाळून पाणी टिपून घ्या. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हेच सगळ्यात अवघड. वाळल्यावर केस कडक लागतील, वाळलेल्या कुरडईसारखे. घाबरू नका. तळहाताला तेलाचे दोन थेंब चोळा आणि तशाच ओंजळीत झेलून केस हलके दाबा. कडकपणा मोडतो, बट राहते.

वावरात जाताना काय? केसांची सैल वेणी घाला किंवा वर अंबाडा बांधा आणि सुती रुमाल बांधा. वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीचा काडीकचरा आणि धूळ केसांत बसते. संध्याकाळी घरी आल्यावर कोरडं विंचरू नका, हातावर पाणी घेऊन शिंपडा आणि बोटांनी कचरा काढा. रात्री झोपताना केस डोक्यावर सैल बांधा.

आता त्या पाच हजारांकडे येऊ. पार्लरमध्ये रसायन आणि उष्णता वापरून केस सरळ होतात, हे खरं. पण मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो. म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा खर्च. काही औषधांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे आणि घसा चुरचुरतो. ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेल्या औषधांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या बाईची हकीकत छापली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांनी त्रास दिला. इस्रायलमध्येही अशा रुग्णांची नोंद झाली आहे. प्रत्येकीला असं होतं असं नाही. पण जिला करायचंच आहे तिने बाटलीवर काय लिहिलंय ते वाचावं, दारं-खिडक्या उघड्या ठेवायला सांगावं, आणि त्यानंतर उलट्या, पोटात-पाठीत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर डॉक्टरला केसांचं सांगायला लाजू नये. गरोदर बाईने तर या वाटेला जाऊच नये.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. ती नाजूक आहे, पण टाळता येत नाही. कुरळ्या केसांचा गुंता वेळेवर सोडवला नाही तर त्याची जट होते. आजारपण आलं, बाळंतपण झालं, महिनाभर केसांना पाणी लागलं नाही, की मागे मानेवर एक गाठ बसते. मग कुणीतरी म्हणतं, देवी आली, कात्री लावू नका. मग ती वाढते, जड होते, मान दुखते, उवा होतात, वास येतो, आणि ती बाई लग्नाकार्यात जायची बंद होते. जट म्हणजे देवीचं बोलावणं नाही. तो न सोडवलेला गुंता आहे. केळापूरच्या जगदंबेला आपण नवरात्रात जातो, पुढेही जाऊ. पण लेकीची मान दुखावी असं कोणती आई म्हणेल?

पुण्याच्या नंदिनी जाधव अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आहेत. त्यांनी गावोगाव जाऊन कितीतरी बायांच्या जटा सोडवल्या आहेत. ज्या चळवळीतून हे काम उभं राहिलं तिचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गाठ लहान असेल तर भरपूर तेल आणि कंडिशनर लावून, टोकाकडून थोडी थोडी उकलता येते. एक दुपार जाते, पण जमतं. मोठी, घट्ट झालेली जट उकलत नाही, ती कापावी लागते. कापल्याने काही होत नाही. तिथे नवे केस येतात. पण त्या बाईच्या मनातली भीती खरी असते. म्हणून तिच्यावर जबरदस्ती करू नका, तिची चेष्टा करू नका. तिच्याजवळ बसा. कापल्यानंतरही आठ दिवस रोज तिच्याकडे जाऊन या, म्हणजे घरात काही आजारपण आलं तर ती ते जटेवर ढकलणार नाही.

कुणाला वाटेल, केसांचं एवढं काय घेऊन बसलात. मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या एका बाईचं सांगतो. सारा ब्रीडलव्ह तिचं नाव. १८६७ साली लुइझियानात कापसाच्या मळ्यावर जन्मली. तिचे आईवडील गुलामीतून नुकतेच सुटलेले. लहानपणीच पोरकी झाली. पुढे तिने वर्षानुवर्षं लोकांचे कपडे धुतले. तिचे स्वतःचे केस गळू लागले, तेव्हा ती केसांच्या मलमाच्या धंद्यात शिरली. मॅडम सी. जे. वॉकर या नावाने तिने कारखाना काढला आणि हजारो काळ्या बायांना ते विकायचं काम दिलं. तिच्या पद्धतीत तापवलेली फणीही होती, हे खरं. कारण तेव्हाही कुरळ्या केसांना लोक नावं ठेवत. त्यानंतर शंभर वर्षं गेली, तरी तिथल्या बायांना केसांवरून नोकरी नाकारली जायची. शेवटी २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की केसांच्या ठेवणीवरून कुणाला कामातून आणि शाळेतून वगळायचं नाही. कापूस वेचणाऱ्यांच्या घरची मुलगी तिथेही होती, इथेही आहे. केसावरून माणूस हलका ठरवायची खोडही दोन्हीकडे आहे.

आता शेवटी, त्या पोरीचं काय झालं ते सांगायला हवं.

पंधरा दिवसांत तीन वेळा तिचे केस असे धुतले. पहिल्या वेळी जवसाचा चीक जास्त झाला आणि केसांवर पांढरे पापुद्रे सुटले. सगळ्या हसल्या, तीही हसली. तिसऱ्या वेळी बटा बसल्या. पाहुणे आले, चहापोहे झाले. ते स्थळ जुळलं नाही. का ते त्यांनी कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. काकूंना वाईट वाटलं. दोन दिवस त्या आमच्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि आम्हालाही वाटलं, आपण उगाच मधे पडलो काय? तेव्हा पोरगीच आईला म्हणाली, "तुले पाहिजे तर घे पैसे. पण माह्या डोक्याले नको."

केस तिने तसेच ठेवले आहेत. ज्या मुलीचे केस कापले होते, तिचे आता खांद्यापर्यंत आले आहेत. रविवारी दोघी मिळून जवस उकळतात. काकूंचा अर्ज आमच्या रजिस्टरमध्ये आहे. समोर शेरा आहे, 'मंजूर, उचल केली नाही.' पुढे कधी दुसऱ्या कामाला लागले तर पैसे त्यांचेच आहेत.

आमची तुम्हाला एवढीच विनंती. पुढच्या बैठकीला येताना मूठभर जवस, मोठ्या दातांची फणी आणि एक मऊ सुती फडकं आणा. गटात ज्या पोरीचे केस कुरळे असतील तिला मधे बसवा. आणि तिचे केस हातात घेण्याआधी ते ओले करा.